अमेरिकेतल्या लष्करी अकादमीत जाताना : व्हॅलिडेशन परीक्षा, एपी गुण आणि क्रेडिट

रेवा_मेरीलँड
नमस्कार मंडळी. भाचीची ॲनापोलिसच्या नेव्हल अकादमीत निवड झाली आहे. शाळेत तिने एपीचे, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे आणि परीक्षेत १ ते ५ गुण असणारे विषय घेतले : कॅल्क्युलस बीसी (अकरावीत), केमिस्ट्री, इंग्लिश लँग्वेज आणि यूएस गव्हर्नमेंट. बारावीत कम्युनिटी कॉलेजात मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलसही केलं. अकादमीच्या कागदांत 'प्लेसमेंट' (कुठल्या पातळीच्या वर्गात बसायचं ते ठरवणं) आणि 'व्हॅलिडेशन' (विषय आधीच येतो असं दाखवून तो न शिकता सुटणं) हे शब्द सारखे येतात, आणि घरात त्यावरून दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, जितके विषय सुटतील तितके सोडवून घ्या. दुसरा म्हणतो, पहिल्या वर्षी कवायत, पाठांतर आणि अपुरी झोप असणारच, तेव्हा दोन-तीन विषय ओळखीचे असलेले बरे. जाणकारांनी सांगावं : एपीचे गुण थेट चालतात का? परीक्षेची तयारी कशाची करायची? आणि एवढं क्रेडिट मिळालं तर पदवी लवकर हातात पडते का?

कृष्णाकाठ
अभिनंदन! शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथेच सगळ्यांचा गैरसमज होतो. पदवी लवकर मिळत नाही. ॲनापोलिस, वेस्ट पॉइंट आणि कोलोरॅडो स्प्रिंग्जची एअर फोर्स अकादमी, तिन्हीकडे चार वर्षं म्हणजे चारच वर्षं. बाहेरच्या कॉलेजात दोन वर्षं शिकून आलेला मुलगाही पहिल्या दिवसापासून प्लीबच, म्हणजे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीच असतो. कारण अकादमी फक्त पदवी देत नाही. उन्हाळ्यातली प्रशिक्षणं, नेतृत्वाच्या पायऱ्या, शारीरिक चाचण्या हे सगळं वर्षागणिक बांधलेलं असतं आणि कमिशनही (अधिकारी म्हणून नेमणूक) सगळ्या वर्गाला एकत्रच मिळतं.

मग व्हॅलिडेशनचा उपयोग काय? वेळापत्रकात जागा मोकळी होते. त्या जागेत पुढचा विषय घेता येतो, दुसरा मेजर (मुख्य विषय) किंवा मायनर (दुय्यम विषय) जोडता येतो, शेवटच्या वर्षी संशोधनाला वेळ काढता येतो. मात्र मोकळ्या जागेत झोपायला मिळत नाही, पूर्णवेळ विद्यार्थ्याइतका भार ठेवावाच लागतो.

मोगरा_एडिसन
म्हणजे साध्या विद्यापीठातल्या ट्रान्सफर क्रेडिटसारखं नाही हे?

कृष्णाकाठ
नाही. साध्या विद्यापीठात क्रेडिट म्हणजे फी वाचणं आणि सेमिस्टर कमी होणं. अकादमीत फी नाहीच, उलट महिन्याला वेतन मिळतं. इथे प्रश्न एवढाच असतो : या मुलाला हा विषय येतो का, आणि तो पुढच्या वर्गात बसू शकेल का? म्हणून कम्युनिटी कॉलेजची गुणपत्रिका आपोआप चालत नाही. विभाग ती पाहतात, पण बहुतेक वेळा स्वतःच्या परीक्षेवर जास्त विसंबतात.

गणितवेडा
गणिताचं सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त पडझड तिथेच होते.

ॲनापोलिसला पहिल्या वर्षी कॅल्क्युलस एक (एसएम १२१) आणि कॅल्क्युलस दोन (एसएम १२२) असे विषय असतात. पाया कच्चा असेल तर त्याआधी प्रीकॅल्क्युलस. इंजिनीअरिंग आणि विज्ञानाच्या मुलांना पुढे मल्टिव्हेरिएबल आणि डिफरन्शियल इक्वेशन्स. इथला प्रत्येक पदवीधर, मग तो इंग्रजीचा असो वा इतिहासाचा, बॅचलर ऑफ सायन्स होतो. त्यामुळे कॅल्क्युलस, केमिस्ट्री आणि फिजिक्स कुणालाच चुकत नाही.

बीसीत ५ गुण असतील तर दोन्ही कॅल्क्युलस सुटण्याची शक्यता चांगली असते. ४ असतील तर विभाग त्या वर्षी रेषा कुठे ओढतो त्यावर अवलंबून. ३ वर भरवसा ठेवू नका. एपी कॅल्क्युलसच्या एबी आणि बीसी या दोन पातळ्यांत फरक आहे, एबी फार तर पहिल्या कॅल्क्युलसपर्यंत नेतं. बीसीच्या निकालात एबीचा उपगुण वेगळा छापलेला असतो, तोही विभागाला दिसतो.

भाचीच्या बाबतीत चांगली गोष्ट ही की बारावीतही गणित चालू राहिलं. अकरावीत बीसी उरकून बारावीत गणितच न घेतलेली मुलं उन्हाळ्यातल्या परीक्षेत गडबडतात. वर्षभरात हात जातो. काय विसरतं तेही ठरलेलं आहे : इंटिग्रेशन बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन्स, सिरीजच्या कन्व्हर्जन्स कसोट्या आणि पोलर कोऑर्डिनेट्समधलं क्षेत्रफळ.

दुसरा खड्डा कॅल्क्युलेटरचा. एपीच्या परीक्षेत काही भागांना ग्राफिंग कॅल्क्युलेटर चालतो, म्हणून मुलं त्याच्या आधाराने सोडवायला शिकतात. इथे हाताने करता आलं पाहिजे. साइन, कोसाइन आणि टॅन्जंटच्या ३०, ४५, ६० अंशांच्या किमती रेडियनमध्ये तोंडपाठ हव्यात. लॉगॅरिदमचे नियम, अपूर्णांक घात, वर्ग पूर्ण करणं ही नववी-दहावीची हत्यारं परजून जा. इंटिग्रल बरोबर मांडून शेवटच्या दोन ओळींत बीजगणित चुकणं हा नेहमीचा घोटाळा आहे.

पानशेत
वरच्या प्रतिसादाशी बऱ्यापैकी सहमत, पण 'सुटेल ते सोडवा' याला माझा विरोध आहे.

व्हॅलिडेट झालेल्या विषयाचं क्रेडिट मिळतं, ग्रेड मिळत नाही. म्हणजे सरासरीत तो धरत नाहीत. ॲनापोलिसला त्या सरासरीला क्यूपीआर म्हणतात. ऑर्डर ऑफ मेरिटमध्ये (वर्गातल्या गुणवत्ता क्रमात) अभ्यासाचा वाटा मोठा असतो, आणि पुढची कितीतरी दारं त्या क्रमांकावर उघडतात किंवा बंद होतात. आता विचार करा. प्लीबने दोन कॅल्क्युलस आणि दोन केमिस्ट्री सोडवल्या, तर पहिल्याच सेमिस्टरला तो दुसऱ्या वर्षाच्या मुलांबरोबर मल्टिव्हेरिएबलच्या वर्गात बसतो. त्या मुलांना अकादमीची शिस्त अंगवळणी पडलेली असते. याला मात्र जेवणाच्या टेबलावर मेन्यू, बातम्या आणि जहाजांची माहिती घडाघडा म्हणून दाखवायची असते. घरी जिथे अ मिळाला असता तिथे इथे क मिळतो, आणि पहिल्या सेमिस्टरचा क पुढे भरून काढायला फार वेळ लागतो.

गणितवेडा
@पानशेत, मुद्दा रास्त आहे, पण दुसरी बाजूही मांडतो. जे पक्कं येतं तेच वर्षभर पुन्हा करणाऱ्याचा अभ्यासाचा हात सुटतो. दुसऱ्या वर्षी अचानक फिजिक्स आणि डिफरन्शियल इक्वेशन्स एकदम अंगावर येतात, तेव्हा अभ्यास करायची सवयच मोडलेली असते. खात्रीचा अ मिळेल असं धरून कॅल्क्युलस एकमध्ये बसलेली कितीतरी मुलं ब घेऊन बाहेर पडतात, कारण 'येतंच आहे' म्हणून गृहपाठ मागे टाकलेला असतो.

पानशेत
मान्य. म्हणून विषयवार ठरवावं, सरसकट नको. माझा क्रम असा : गणित खरंच पक्कं असेल तर सोडवा. इंग्लिश आणि गव्हर्नमेंट सुटलं तर आनंदाने घ्या. केमिस्ट्रीचा मात्र दोनदा विचार करा.

नाचणी_सत्त्व
केमिस्ट्रीवर मी लिहिते. पहिल्या वर्षी फाउंडेशन्स ऑफ केमिस्ट्री एक आणि दोन (एससी १११ आणि ११२) असतात, दोन्हींना प्रयोगशाळा. एपी केमिस्ट्रीला ५ असूनही शाळेत प्रयोग धड झालेले नसतील, तर पुढच्या केमिस्ट्रीत ती उणीव उघडी पडते.

परीक्षेसाठी उजळणी करायची तर या क्रमाने : मोल आणि लिमिटिंग रिएजंट, वायूंचे नियम, एन्थॅल्पी, आण्विक रचना आणि बंध, मग समतोल, आम्ल-अल्कली, बफर, शेवटी इलेक्ट्रोकेमिस्ट्री. पहिल्या सेमिस्टरचा भाग पक्का आणि दुसऱ्याचा कच्चा असं अनेकांचं होतं. त्यात वाईट काही नाही, फक्त पहिलं सेमिस्टर सुटलं तरी फायदाच आहे. आणखी एक. सिग्निफिकंट फिगर्स आणि एककांकडे मुलं दुर्लक्ष करतात. वायूच्या गणितात तापमान सेल्सिअसमध्ये घालणं ही सर्वांत महागात पडणारी चूक, केल्विनमध्ये बदलून घ्या.

आपल्याकडे बऱ्याच घरांत 'पुढे डॉक्टर व्हायचं' हा विचारही असतो. अकादमीतून थेट मेडिकलला जाणारे मोजकेच असतात, पण वाट आहे. तिथे लक्षात ठेवा : अनेक मेडिकल कॉलेजं एपीच्या जोरावर सुटलेली जनरल केमिस्ट्री मान्य करत नाहीत. त्यांना कॉलेजात, प्रयोगशाळेसह केलेली केमिस्ट्री लागते. सोडवली असेल तर त्या जागी वरच्या पातळीची केमिस्ट्री घ्यावी लागते. भाचीचा तसा विचार असेल तर नेव्हल अकादमीतली जनरल केमिस्ट्री पूर्ण करणंच शहाणपणाचं.

मोगरा_एडिसन
हे मेडिकलचं फार उपयोगी सांगितलंत ताई. आणि फिजिक्स?

नाचणी_सत्त्व
फिजिक्स सहसा दुसऱ्या वर्षी येतं आणि ते कॅल्क्युलसवर आधारित असतं. म्हणून एपी फिजिक्स एक किंवा दोन त्याच्या बरोबरीचं ठरत नाही, ते बीजगणितावर चालतं. एपी फिजिक्स सी, त्यातही मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम असे दोन्ही भाग केले असतील, तरच व्हॅलिडेशनचा विषय काढावा.

शिवथर
वेस्ट पॉइंटबद्दल थोडं, कारण धागा वाचणाऱ्यांत तिकडे जाणारेही असतील.

तिथे रुजू होण्याचा दिवस म्हणजे आर-डे, ॲनापोलिसला आय-डे. त्यानंतर वेस्ट पॉइंटचं सुमारे सहा आठवड्यांचं कॅडेट बेसिक ट्रेनिंग, बोलीभाषेत 'बीस्ट'. या काळातच वेळ काढून परीक्षा घेतात. गणित विभागाला कॅल्क्युलसच्या आधी बीजगणित आणि त्रिकोणमिती कॅल्क्युलेटरशिवाय पक्की हवी असते. जास्त तयार मुलांसाठी गणिताची वेगळी, पुढची वाट आहे. म्हणजे तिथे कायम 'सोडवा किंवा बसा' असे दोनच पर्याय नसतात, त्याच विषयाचा वरचा वर्गही मिळू शकतो. पानशेत आणि गणितवेडा यांच्या वादावर हा चांगला तोडगा आहे : ग्रेडही मिळते आणि कंटाळाही येत नाही.

शिकवण्याची रीतही समजून घ्या. सिल्व्हेनस थेअर १८१७ ते १८३३ या काळात तिथले प्रमुख होते, त्यांच्या नावाने 'थेअर मेथड' चालते. वर्ग लहान असतो, धडा आधी स्वतः वाचून यायचा आणि वर्गात फळ्यावर उभं राहून गणित सोडवून समजावून सांगायचं. ज्या मुलाला बीसीत ५ आहेत पण 'हे असं का' विचारलं की शब्द फुटत नाहीत, त्याला वरच्या वर्गात जड जातं. व्हॅलिडेशन घ्यायचं की नाही हे ठरवायला ही चांगली कसोटी आहे : कोऱ्या कागदावर चेन रूल किंवा टेलर सिरीज दुसऱ्याला समजावून सांगता येते का ते पाहा.

आंबेघाट
भाषांचं काय? घरी मराठी, थोडं हिंदी. त्याचं क्रेडिट मिळेल का?

शिवथर
मराठीचं नाही, हिंदीचंही नाही. अकादमी जी भाषा शिकवते तिचंच व्हॅलिडेशन होतं. ॲनापोलिसला अरबी, चिनी, फ्रेंच, जर्मन, जपानी, रशियन आणि स्पॅनिश. वेस्ट पॉइंटला जपानी नाही, पण पर्शियन आणि पोर्तुगीज आहेत. शाळेत चार वर्षं स्पॅनिश झालं असेल तर प्लेसमेंट नक्की द्यावी. ॲनापोलिसला मानव्यविद्यांच्या मेजरना चार सेमिस्टर भाषा लागते, त्यातलं जितकं सुटेल तितकी मोठी जागा मोकळी होते. हिंदी वाया जात नाही. सैन्याची स्वतःची भाषा-परीक्षा, डीएलपीटी, हिंदीसाठीही आहे. ती अधिकारी झाल्यावर उपयोगी पडते, पदवीच्या क्रेडिटसाठी नव्हे. घरच्यांनी देवनागरी वाचनाचा सराव तेवढा चालू ठेवावा, कारण बोलता येणारी पण वाचता न येणारी मुलं त्यात मागे पडतात.

खडकवासला_कट्टा
थोडं विषयांतर. पुण्यातून विचारणारे बरेच असतात की आपल्या एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) असं काही आहे का. नाही. खडकवासल्याला तीन वर्षं, सहा सत्रं, पदवी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची. बारावीनंतर आलेला प्रत्येक कॅडेट सारख्याच जागेवरून सुरुवात करतो. पदवीचं एखादं वर्ष झालं असलं तरी सूट नाही. चाळणी आधीच होते : यूपीएससीची लेखी परीक्षा, गणित ३०० आणि सामान्य क्षमता ६०० गुण, नंतर एसएसबी (सैन्याच्या निवड मंडळाची मुलाखत) ९०० गुण. छत्रपती संभाजीनगरच्या सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूटमध्ये तयारी करणाऱ्या मुलांचा सगळा भर प्रवेशावर असतो. आत गेल्यावर कोण कुठल्या वर्गात बसणार हा प्रश्नच नसतो. अमेरिकेत शाळाशाळांत अभ्यासक्रमाचा फरक प्रचंड, म्हणून त्यांना आत घेतल्यावर पुन्हा मोजावं लागतं.

आंबेघाट
माहितीबद्दल आभार. ग्रीन कार्डवाल्यांना अमेरिकन अकादमीत जाता येतं का?

कृष्णाकाठ
नाही, रुजू होण्याच्या वेळी अमेरिकन नागरिकत्व लागतं. परदेशी कॅडेट घेतात, पण ते त्यांच्या त्यांच्या सरकारने पाठवलेले असतात. मूळ विषयाकडे वळूया, रेवाताईंच्या वेळेचा प्रश्न सर्वांत तातडीचा आहे आणि तो अजून कुणी घेतला नाही.

एपीच्या परीक्षा मे महिन्यात, निकाल जुलैच्या सुरुवातीला. अकादमीत रुजू होणं जूनअखेर किंवा जुलैच्या पहिल्या दिवसांत. म्हणजे निकाल लागतो तेव्हा मुलीच्या हातात फोन नसतो. म्हणून बारावीत दिलेल्या विषयांचे गुण अकादमीकडे पाठवायची सोय जायच्या आधी झाली पाहिजे. कॉलेज बोर्डाच्या (एपी परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या) खात्यात दर वर्षी एका संस्थेला गुण मोफत पाठवता येतात, त्याची मुदत २० जून. तिथे नेव्हल अकादमी निवडलीय की शाळेच्या सवयीने दुसरंच विद्यापीठ, ते आत्ताच उघडून पाहा. मुदत चुकली तर पैसे भरून पाठवता येतात, पण त्यासाठीही खात्यात शिरता आलं पाहिजे.

एकदा पाठवले की आधीच्या वर्षांचे गुणही त्यासोबत जातात. त्यामुळे अकरावीतलं बीसी वेगळं पाठवायला नको. नाव आणि जन्मतारीख अकादमीच्या अर्जातल्यासारखीच आहे ना, हे मात्र ताडून घ्या. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं. एका जागी ते असतं, दुसऱ्या जागी नसतं, आणि मग गुण कुणाच्या नावावर चढवायचे ते कार्यालयाला कळत नाही.

नाचणी_सत्त्व
+१. कम्युनिटी कॉलेजची सीलबंद किंवा इलेक्ट्रॉनिक गुणपत्रिकाही आधीच मागवा. आणि त्यासोबत अभ्यासक्रमाची प्रत हवी : पुस्तकाचं नाव, कुठली प्रकरणं झाली, आठवड्याला किती तास. नुसतं 'मॅथ २५१, अ' यावरून विभागाला काही समजत नाही. ग्रीन, स्टोक्स आणि डायव्हर्जन्स प्रमेयं झाली होती का, हेच ते पाहतात.

गणितवेडा
बरोबर. बऱ्याच कम्युनिटी कॉलेजांत शेवटचं प्रकरण घाईत उरकतात किंवा सोडून देतात. ते झालं नसेल तर मल्टिव्हेरिएबल पुन्हा करण्यात काहीच कमीपणा नाही. इलेक्ट्रिकलपासून समुद्रविज्ञानापर्यंत सगळीकडे तेच लागतं.

रेवा_मेरीलँड
सगळ्यांचे मनापासून आभार. २० जूनचं लक्षातच आलं नव्हतं. खात्यात पाहिलं तर मोफत गुणांसाठी दुसरं विद्यापीठ निवडलेलं होतं, आता बदललं. अजून दोन शंका. प्लीब समर (रुजू झाल्यावरचं उन्हाळी प्रशिक्षण) सुरू झाल्यावर अभ्यासाला वेळ मिळतो का? आणि अकादमी मधेच सोडावी लागली तर या व्हॅलिडेट झालेल्या विषयांचं काय होतं?

पानशेत
पहिल्याचं उत्तर : नाही, असंच धरून चाला. पहाटे साडेपाचला दिवस सुरू होतो आणि परीक्षा पहिल्या आठवड्यांतच उरकतात. दमलेल्या शरीराने, नव्या गणवेशात, तास-दोन तास बसून लिहायचं असतं. म्हणून जायच्या आधीचे सहा आठवडे दिवसाला एक तास पुरे : तीन दिवस गणित, दोन दिवस केमिस्ट्री, एक दिवस हाताने लिहिलेला निबंध. निबंधाचा सराव सगळे टाळतात. टाइप करायची सवय असलेल्या मुलांचा हात पाऊण तासात दुखायला लागतो आणि शेवटचा परिच्छेद राहून जातो. जायच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यात पुस्तकं मिटा आणि झोप पुरी करा.

अजून एक. परीक्षेत मुद्दाम कमी लिहून सोप्या वर्गात बसायचा विचारही तिने करू नये. तिथे 'ऑनर कन्सेप्ट' (प्रामाणिकपणाचा दंडक) आहे, आणि ही त्याला न शोभणारी सुरुवात आहे. प्रामाणिकपणे लिहावं, मग निकाल हाती आल्यावर प्लीब ॲडव्हायझरशी बोलावं. वर्ग सुरू झाल्यावरच्या पहिल्या दिवसांत बदल करता येतो, त्यानंतर अवघड होतं.

कृष्णाकाठ
दुसऱ्या शंकेवर. तिसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू होईपर्यंत सोडता येतं, सेवेचं बंधन त्यानंतर लागू होतं. सोडून दुसऱ्या विद्यापीठात गेल्यावर तिथे अकादमीत ग्रेडसह केलेले विषय दाखवता येतात. व्हॅलिडेट झालेल्या विषयांपुढे ग्रेड नसते, त्यामुळे नवं विद्यापीठ त्यांच्याकडे सहसा पाहत नाही. ते मूळ एपी गुण मागतं आणि स्वतःच्या नियमाने ठरवतं. अकादमीच्या अंतर्गत परीक्षेवर सुटलेल्या विषयाला तर बाहेर काहीच आधार उरत नाही. म्हणून कॉलेज बोर्डाचं खातं आणि कम्युनिटी कॉलेजची गुणपत्रिका जपून ठेवायची.

शिवथर
आणि राहिली तर (राहीलच!) या मोकळ्या जागेचं सोनं कसं करायचं तेही सांगून ठेवतो. ॲनापोलिसला व्हीजीईपी नावाची योजना आहे. पुरेसे विषय सुटलेले आणि क्यूपीआर चांगला असलेले मोजके विद्यार्थी चौथ्या वर्षीच जॉर्जटाउन, जॉन्स हॉपकिन्स किंवा मेरीलँड विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यास सुरू करतात. १९६३ पासून चालत आलेली ट्रायडंट स्कॉलर योजना संशोधनासाठी आहे, तिथेही वेळापत्रकात जागा लागते. दोन्हींना सुटलेले विषय आणि चांगली ग्रेड दोन्ही हवं, म्हणजे गणितवेडा आणि पानशेत दोघांचंही ऐकावं लागेल.

रेवा_मेरीलँड
ठरलं. कॅल्क्युलस एक-दोन, इंग्लिश आणि गव्हर्नमेंटसाठी प्रयत्न. केमिस्ट्रीची परीक्षा मनापासून द्यायची, पण मेडिकलचा विचार पक्का असेल तर ॲडव्हायझरशी बोलून विषय पूर्ण करायचा. मल्टिव्हेरिएबलचा अभ्यासक्रम आज कॉलेजकडे मागितला आहे. स्टोक्सचं प्रमेय झालं नव्हतं असं भाचीच म्हणते.

गणितवेडा
मग ते पुन्हा करू दे. आणि मिडशिपमन ग्रुप स्टडी प्रोग्रॅम आहे, प्राध्यापकांकडे 'एक्स्ट्रा इन्स्ट्रक्शन' मागता येतं, हे तिला जायच्या आधीच सांगा. पहिल्या चाचणीची वाट न पाहता पहिल्या आठवड्यात एकदा जाऊन यावं. फॉर्म्युला शीट हवी असेल तर विचारपूस करा, बीसीची उजळणी एका पानात बसवून इथेच टाकतो.